कुसळीच्या लेखाचं साल

शुभांगीचं डोकं फिरलं ते एका निवडनुकीपायी. निवडनूक काही आजची नोती. तिले होऊन सोळा वर्सं झालती. पन सापडली ते भलत्याच जागी.

शुभांगी आदिलाबादच्या एका कॉलेजात लायब्ररीत कामाले. कॉलेजानं ठरवलं का जिल्ह्यातले जुने छापील अंक नेटवर चढवाचे, मंजे कोनालेबी कुठूनबी वाचता येतीन. तेलुगूचे गठ्ठे निघाले, उर्दूचे निघाले, मराठीचा गठ्ठा निघाला एकच. 'पैनकाठ' नावाचं त्रैमासिक. भीमपूरचे भगवानराव तहसीलीत कारकून होते, रिटायर झाल्यावर त्याईनं ते चालू केलतं. शेती, बियानं, गावाच्या जुन्या गोष्टी, नदीचं पानी, असे लेख. लिवनारे बी इकडचेच, कोनी मास्तर, कोनी पोस्टातला, कोनी शेती करता करता लिवनारा. छापाले अंक पैनगंगेच्या पल्याड जाय आनि वाटाले अल्याड ये.

लायब्ररीत मराठी वाचता येनारी शुभांगी एकटी. मंग गठ्ठा कोनाच्या टेबलावर येईन? प्रिन्सिपॉल सार तेलुगू मानूस. त्याईनं दोन बोटं दाखवून सांगतलं, "मॅडम, रेंडू बाक्सुलू. मर्चिपोवद्दु." मंजे दोन खाने हायत, इसरू नका.

खाने दोनच होते, खरं. हर लेखापुढं कॉम्प्युटरवर एक खाना प्रकाशनाच्या सालाचा. अंक लोकाईच्या हातात खरोखर कवा पडला, ते साल तिथं टाकाचं. दुसरा खाना कॉपीराइटच्या सालाचा. लेखाखाली हक्काची खून राह्यते, गोलात इंग्रजी सी, तिच्याजवळ जे साल छापलं असन ते जसंच्या तसं उतरवाचं.

शुभांगीनं मनात म्हटलं, याच्यात काय डोकं लावाचं? कव्हरवर साल हाय, लेखाखाली साल हाय, दोनी एकसारखे. दे दनादन. वर्ष एक झालं, वर्ष दोन झालं, अशी ते चहा पीत पीत वर्ष नऊपर्यंत आली. वर्ष नऊ, अंक चार. कव्हरवर छापलेलं २००८. तिनं दोनी खान्यात आठ टाकलं, आनि सहज म्हनून पयलं पान वाचलं. संपादकाचे दोन शब्द होते. भगवानरावानं लिवलतं का, 'प्रेसवाले मतदानाचे पर्चे छापन्यात गुंतल्यानं अंक लांबला, वाचकाईनं राग धरू नये.'

मतदान? शुभांगी थांबली. ते मतदान तिच्या चांगलं ध्यानात होतं, काऊन का ते तिचं पयलं होतं. एप्रिलच्या उनात लाइनीत उभी राह्यली आनि नंबर यायच्या आंदी तिले भोवळ आली. एका म्हातारीनं तिले पदरानं वारा घातला आनि वरून बोलली, "आतापासून अशी पडली तं पाच वर्सं कशी काढशील वं?" ते साल नऊ होतं. त्यात शंकाच नाई.

मंग आठ सालच्या अंकात नऊ सालची निवडनूक शिरली कशी?

दुसरं कोनी असतं तं म्हनलं असतं, शिरली असन, आपल्याले काय. पन हे पोरगी लहानपनापासून अशी. भिंतीत भोक दिसलं का बोट घालून पाहीन, आत काय हाय म्हनून. तिनं अंक उलटा-पालटा केला, आनि अनुक्रमनिका पाह्यली.

त्याच अंकात तिच्या बापाचा लेख होता.

दौलत मास्तरचा लेख. जिंदगीत मास्तरनं एकच लेख लिवला, तो हाच. 'कुसळी: पाखरं न खानारी जवारी'. कुसळी मंजे इकडची एक जुनी जवारी. तिच्या कनसाले बारीक बारीक कुसळं राह्यतात. पाखरू टोच माराले गेलं का ते नाकातोंडात घुसतात. मास्तरच्या मायनं दुसऱ्याच्या वावरात मजुरी केली, अन मास्तरनं लेकरू असताना त्याच वावरात जवारीची राखन केली. पुढं शिकला, मास्तर झाला, आनि जवा पाह्यलं का कापसाच्या सरकीपायी लोकाईनं कुसळी पेरनंच सोडलं, तवा बसून लेख लिवला. तो अंक घरी बाबासाहेबाच्या फोटूखालच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला. पाहुना आला का चहाच्या आंदी अंक निघे.

आनि आताच त्या लेखाले भाव आलता. भीमपूरच्या अंगाले बायाईच्या मंडळानं एक बियानं-घर काढलं. जुनी बियानी जमा कराची, थोडी थोडी पेराची, जगवाची. तिथं मयूरी नावाची पोरगी काम पाहे. कुसळीचं मुठभर बी कोना म्हातारीच्या गाडग्यात सापडलं, ते तिनं वाढवलं, आनि आता त्या वाफ्यापुढं पाटी लावाची होती. पाटीवर लिवाचं होतं, 'कुसळीची पयली छापील नोंद', पुढं नाव आनि साल.

नावं दोन होती. एक दौलत मास्तर. दुसरे गोपालराव म्हनून एक परोफेसर, नदीपल्याडचे, त्याईनं बी कुसळीवर लेख लिवलता, एका मोठ्या मराठी संशोधन पत्रिकेत. तो आला मार्च दोन हजार नऊमंदी. मास्तरचा आठचा, परोफेसरचा नऊचा, मंग पयला कोन ते उघडच होतं. मयूरीनं फोनवर सांगतलंच होतं, "ताई, तुमच्या कॉलेजाच्या साइटवर सरांचं साल चढलं का मले कळवा. तेच पाहून मी पेंटरले सांगतो."

मास्तरनं पाटीच्या दिवसासाठी नवा सदरा शिवाले टाकलता.

शुभांगीनं प्रकाशनाच्या खान्यातला आठ पुसला. मंग परत टाकला. मंग परत पुसला. शेवटी खाना मोकळा ठेवला, आनि सुट्टीच्या दिवशी भीमपूरची बस धरली.

भगवानराव ओसरीवर बाजेवर बसून सुपारी कातरत होते. वय झालं पन मानूस खनखनीत. शुभांगीले पाहून बोलले, "ये, मास्तरची पोरगी ना तू? नेटावर चढवून राह्यली म्हने माये अंक. पडनार तं नाईत ना तिथून?"

"नाई काका. एक इचाराचं होतं. वर्ष नऊचा चौथा अंक कवा निघाला?"

"वर लिवलं नाई काय?"

"आठ लिवलं हाय."

"मंग आठ. कॉलेजात तुमाले वाचाले शिकवत नाईत काय?"

"पन आतमंदी निवडनूक नऊची हाय."

"हाय तं असू दे. म्या थोडीच तिले आवतन देल्लं होतं?"

शुभांगी हसली, पन हटली नाई. "काका, चौथा अंक मंजे कोनत्या महिन्याचा?"

"आंब्याच्या दिवसाचा."

"आंब्याच्या? चौथा तं साल संपताना पाहिजे. डिसेंबरात."

भगवानरावानं अडकित्ता खाली ठेवला. "डिसेंबरात दुसरा अंक निघते, पोरी. डिसेंबरात साल कुठी संपते? तुयं साल चालू कवा होते?"

"जानेवारीत."

"जानेवारीत!" म्हातारा असा बोलला का जसं पोरीनं उन्हाळ्यात स्वेटर घातलं. "जानेवारीत काय चालू होते मले सांग. कोनतं बी पेरते कोनी जानेवारीत? अवं, साल चालू होते जुलैच्या पयल्या तारखेले. मिरग निघून जाते, वावर पेरून होते, तवा फसली बदलते. तहसीलीत मायी सारी जिंदगी गेली. निजामाच्या टाइमापासून जमिनीच्या पहानीवर, मंजे सातबाऱ्यावर, फसली साल चालते. फसली मंजे फसलीचं साल, पिकाचं. तवा चौदाशे अठरा फसली चालू होती. त्याच्यात मिळव पाचशे नव्वद. किती झाले?"

शुभांगीनं बोटावर मोजलं. "दोन हजार आठ."

"मंग? कव्हरवर काय हाय?"

"आठ."

"झालं तं मंग! उगाच बसचं भाडं घालवलं."

शुभांगी ओसरीच्या कडेले बसली. "मंजे काका, हर सालचा तिसरा अंक आनि चौथा अंक, जे जानेवारीच्या पुढं निघाले, त्याच्यावर बी आंदीचंच साल?"

"आंदीचं नाई, त्याचंच! तू मास्तरची पोरगी हाय म्हनून सांगतो. रब्बीची जवारी पेरतो कवा? दसरा-दिवाळीच्या मंदात. कापतो कवा? संक्रांतीच्या पुढं. आता कापताना कॅलेंडर बदललं म्हनून ते जवारी दुसऱ्या सालाची झाली काय? पटवाऱ्याले इचार. ज्या फसलीत पेरली त्याच फसलीची. लेखाचं बी तसंच. तुया बापानं लेख मले आनून देल्ला दिवाळीच्या सुट्टीत. पेरनी झाली आठात. छापून आला ते कापनी."

आता गंमत पाहा, म्हातारा काही वेड्यासारखं बोलत नोता. शुभांगी त्याच्यात चूक शोधाले गेली तं तिले सापडेना. त्याच्या जागी तो बरोबर होता, कॉम्प्युटर त्याच्या जागी बरोबर होता, आनि दोघाईच्या मंदात तिचा बाप अडकला होता.

तिनं पुसलं, "आनि हे लेखाखाली गोलात सी हाय, ते काऊन छापत होते?"

"ते एका इंग्रजी पुस्तकात पाह्यलं. इज्जतीची खून वाटली. एकाले इचारलं तं तो म्हने, याचा अर्थ लेख ज्याचा त्याचा, कोनी उचलाचा नाई. म्या म्हटलं, वा, मंग तं टाकलीच पाहिजे. आपले लोक गरीब हायत, पन लेख तं त्याईचाच ना? तिथंबी फसलीचंच साल टाकलं. एका अंकात दोन-दोन सालं कशाले?"

तेवढ्यात विमलबाई चहा घेऊन बाहीर आल्या, भगवानरावाची बायको. ह्याच बाईनं सारे अंक चिकटवले, पत्ते टाकले, पोस्टात नेले. संपादक म्हनून नाव म्हाताऱ्याचं, कंबर मोडली हिची.

"कोनत्या अंकाचं चाललं?" तिनं पुसलं.

"वर्ष नऊ, चौथा, काकू. बाबाचा लेख हाय त्याच्यात."

"तो? अवं तो लोनच्याचा अंक!" विमलबाई हसाले लागल्या. "पयला पाऊस पडून गेलता, कैऱ्या फोडून ठेवलत्या, हळद-तिखट लावून झालं, आनि तेल घालाच्या टाइमाले हे म्हनतात, आंदी अंक चिकटव, गाडीवाला उभा हाय. मी हात पुसू पुसू चिकटवले. अर्धे अंक पिवळे गेले पोस्टात. वांकिडीच्या एका वाचकाचं कार्ड आलतं, अंक आवडला, पन लोनचं पोचलं नाई म्हने."

"मंजे जून, काकू?"

"मंग काय दिवाळीत घालतो काय लोनचं?"

शुभांगीच्या डोळ्यापुढं घरचा अंक आला. कव्हरच्या कोपऱ्यात पिवळा डाग. इतके दिवस ते समजे का बाबानंच जेवता जेवता पाडला. मंजे जून. मंजे मार्चच्या पुढं. परोफेसर पयले, बाबा मागून.

तिनं पाटीची गोष्ट सांगतली तवा भगवानराव तटकन उभे राह्यले. "मंग आठच टाक ना, बह्याडे! छापलेलं हाय, काळ्या शाईत. कोन येते तपासाले? मी संपादक हाय, माया हुकूम हाय, आठ टाक!"

"तुमचा हुकूम फसलीत चालते हो," विमलबाई म्हनाल्या. "तिले कॉम्प्युटरात टाकाचं हाय."

बसमंदी शुभांगीच्या डोक्यात एकच चाललं होतं. कोन येते तपासाले? खरं हाय. कोनी येत नाई. कव्हरवर आठ, लेखाखाली आठ, संपादक म्हनते आठ. तिनं आठ टाकलं तं ते खोटं बोलली असं बी कोनी म्हननार नाई. आनि बाप खुश. सदरा तं शिवून आलाच होता.

पन तिले आता खाज सुटलती. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली तं गठ्ठा परत काढला आनि हर सालचा तिसरा, चौथा अंक उघडून पाह्यला. एकात छब्बीस जानेवारीचा झेंडा, एकात आंब्याच्या मोहराची तक्रार, एकात दहावीच्या परीक्षेचा निकाल. म्हातारा एकदम सरळ मानूस, एकाबी सालात चुकला नोता. सारे अर्धे अंक कॅलेंडराच्या एक साल मागं. तिनं एकेकाचं प्रकाशनाचं साल सुदरवलं. कॉपीराइटच्या खान्यात मातर जे छापलं होतं तेच ठेवलं, तसाच नियम होता. असे तिचे दोन खाने पयल्यांदाच एकमेकाहून येगळे झाले. तवा कुठी तिले समजलं का खाने दोन काऊन देल्ले.

पोस्टातल्या चंपतचा लेख एक साल पुढं आला. देवकाबाईचा औषधी पाल्यावरचा लेख एक साल पुढं आला. ते पाह्याले जित्या बी नोत्या, कोन भांडनार होतं? सारे पुढं आले, एक राह्यला. सगळ्याईच्या मंदात एकट्या बाबाच्या लेखाचा खाना मोकळा. अंकावर छापलेला तो आठ तिले असा दिसे, जसा वरातीत एकच मानूस उलटा तोंड करून चालून राह्यला.

सांजेले ते घरी आली. मास्तर आंगनात बसून छत्रीची तार सरळ करत होते.

"चढलं काय साल?" त्याईनं वर न पाहता इचारलं.

"बाबा, तो अंक जूनात निघाला. नऊच्या जूनात."

"कोनं सांगतलं?"

"विमलकाकूच्या लोनच्यानं."

"काय?"

तिनं सारं सांगतलं. फसली, पाचशे नव्वद, पेरनी, कापनी, तेलाचे हात. मास्तर उठून आत गेले, पिशवीतून अंक काढून घेऊन आले, आनि चष्मा लावून पिवळ्या डागावर बोट घासून पाह्यलं. जसा डाग काही बोलनार होता.

"कव्हरवर आठ हाय ना?"

"हाय."

"मंग आठ टाक. लिवलेलं हाय ते हाय."

मास्तरनं तार परत हातात घेतली, एक पिळा देल्ला, आनि मंग त्याईचा हात थांबला.

"शुभे, माया जन्म कोनत्या सालचा?"

"बावन्न."

"तो कागदावरचा. मायी माय सांगे, मी त्याच्या दोन वर्सं मागचा, चौपन्नचा. शाळेत नाव टाकाले गेली तवा गुरुजीनं मायी उंची पाह्यली आनि टाकलं बावन्न. तिले लिवता-वाचता कुठी ये? पुढं त्या कागदापायी मी दोन वर्सं आंदी रिटायर झालो. सातवीचा वर्ग हातात होता, परीक्षा तोंडावर होती, आनि मले हार घालून घरी पाठवलं. पोरं गेटापर्यंत आलती मागं." मास्तरनं नाक ओढलं. "तवा मी दफ्तरात जाऊन जाऊन भांडलो. सांगे का कागद खोटा हाय, मायले इचारा, गावाले इचारा. सायेब काय म्हने माहीत हाय?"

"काय?"

"लिवलेलं हाय ते हाय."

आंगनात शेजारचं बकरू आलं, छत्रीचं कापड हुंगून गेलं. कोनी त्याले हाकललं नाई.

"नऊ टाक," मास्तर म्हनाले. "खाली जे दुसरं साल हाय, हक्काचं, त्याच्यात काय येते?"

"छापलं तेच. आठ."

"हां. मंजे लिवला आठात, आला नऊत. बरोबर हाय. तसंच झालतं." मंग जरासे चिडून बोलले, "त्या सदऱ्याचं काय कराचं आता?"

"घाला ना बाबा, कापड वाया गेलं काय?"

शुभांगीनं फोनवरच साइट उघडली, खान्यात नऊ टाकलं. बापानं मान वाकडी करून पाह्यलं. टाकताना तिच्या बोटाले थोडा जड गेला तो आकडा, पन गेला.

"बाबा, त्या परोफेसरचा लेख तुमी वाचला हाय काय?"

"म्या काऊन वाचू?" मास्तर म्हनाले. "सोळा वर्सं मी त्याच्या आंदीचा होतो. मागच्या मानसाचं काय वाचाचं? आता तो पुढं गेला. आता वाचा लागन. हाय काय तुया फोनात?"

होता. तिनं लेख काढून देल्ला, अक्षर मोठं केलं. मास्तरनं ओसरीच्या दिव्याखाली बसून बोट ठेवून ठेवून वाचाले सुरुवात केली. पयले तोंड वाकडं होतं. मंग मान हलाले लागली. "बरं लिवलं... हे बरोबर... हे मले माहीत नोतं... हे बी बरोबर..." आनि एकदम मास्तर बाजेवरून उठले.

"पोपट!"

"काय झालं?"

"हा मानूस लिवते का चिमन्या कुसळीले शिवत नाईत, पन पोपट कुसळं सोलून दाने खाते! पोपट? कोनता पोपट? कुठचा पोपट? फोन लाव त्याले."

"आता?"

"जेवाच्या टाइमाच्या आंदी लाव, मंजे उचलीन."

नंबर मयूरीकडून घेतला. गोपालराव बी रिटायरच होते, पयल्याच घंटीत उचलला. शुभांगीनं आवाज मोठा ठेवला.

"नमस्कार जी. मी दौलत मास्तर बोलून राह्यलो, आदिलाबादकडून. कुसळीवाला."

"दौलत गुरुजी! अहो, तुमचं नाव मले त्या बियानं-घरच्या पोरीनं सांगतलं. तुमचा लेख माया आंदीचा म्हने, आठचा. मले लय लाज वाटली बरं, मी तो पाह्यलाच नोता..."

"लाज वाटून घेऊ नका. माया नऊचा हाय, जूनचा. तुमचा मार्चचा. तुमी पुढं, मी मागून. पोरीनं सारं शोधून काढलं. ते झालं, मिटलं. आता मले पोपटाचं सांगा."

इतक्या पटकन कोनी पयला नंबर हातात आनून देईन असं त्या मानसाले वाटलं नसन. "पोपटाचं काय गुरुजी?"

"पोपट कुसळी खाते, हे कोनं सांगतलं तुमाले?"

"सांगतलं नाई, पाह्यलं मी. बाजारात एक बियान्याचा दुकानदार होता, त्याच्याचकडं मले ते कनीस भेटलं. त्यानं पोपट पाळला होता. कनीस पुढं धरलं तं त्यानं कुसळं अशी एकेक सोलली आनि..."

"पिंजऱ्यातला पोपट?"

"हो."

"पिंजऱ्यातला!" मास्तरनं कपाळावर हात मारला. "अहो गोपालराव, पिंजऱ्यातला पोपट मिरची खाते, बिस्कुट खाते, मालकाचं बोट खाते! त्याले दुसरं काम काय हाय? वावरातल्या पोपटाले शेजारी साधी जवारी हाय, तो कशाले कुसळं सोलत बसीन? वावर पाह्यलं काय तुमी?"

"वावर नाई पाह्यलं," गोपालराव मोकळेपनानं बोलले. "लय शोधलं तवा, भेटलं नाई. मानूस खोटं काय बोलीन. पन गुरुजी, तुमी तं वावरात होते. तुमी लिवलं का एकबी पाखरू खात नाई. पोपट बी नाई?"

"एकबी नाई! म्या राखन केली त्या वावरात."

"तुमी सोता पाह्यलं पोपटाले, बसला आनि न खाता उडून गेला असा?"

मास्तर काही बोलाले गेले आनि थांबले. शुभांगी त्याईच्या तोंडाकडं पाहून राह्यली.

"गुरुजी? हायत ना?"

"हाव." मास्तर हळूच बोलले. "खरं सांगू काय? पाखरं येत नाईत म्हनून मले त्या वावरात काही कामच नसे. मी धुऱ्याच्या बांधावर झोपत जाओ."

फोनमंदून असा हासा फुटला का परत आलेलं शेजारचं बकरू पळालं. मास्तर जराक वेळ गंभीर राह्यले, मंग ते बी हसाले लागले. सोळा वर्सं ज्या लेखाले प्लास्टिकात गुंडाळून ठेवलं, त्याच्यातली मोठी गोष्ट झोपेत लिवलेली निघाली. आनि दुसऱ्याची पिंजऱ्यात.

"मंग आता?" गोपालरावानं इचारलं.

"बियानं-घरात वाफा हाय. पेरला हाय औंदा. कनीस भरलं का तुमी या. दोघं बसू. पोपट आला तं आला."

"आनि खाल्लं तं?"

"खाल्लं तं मी तुमाले माया सदरा देईन, नवा हाय. नाई खाल्लं तं तुमी लिवून देजा का दौलत मास्तर बरोबर होता."

"मी झोपू देनार नाई बरं तुमाले."

"या तं खरे!"

फोन ठेवला तं मास्तरचं तोंड येगळंच दिसत होतं. शुभांगीनं बापाले असं लय दिवसात पाह्यलं नोतं. वर्गात पोरानं भलताच सवाल इचारला का पयले असे ते दिसत, खडू हातात धरून.

जेवन झाल्याबरोबर मयूरीचाच फोन आला. तिनं साइट पाह्यलती. बिचारी आवाज पाडून बोलली, "सर, साल नऊ दिसून राह्यलं. मंग पाटीवर... मी काय लिवू?"

"वर गोपालरावाचं नाव लिव, मार्च दोन हजार नऊ. त्याच्या खाली मायं, जून दोन हजार नऊ. आनि पेंटरले सांग, खाली हातभर जागा ठेवजा."

"जागा कायची, सर?"

"पोपटाची."

"पोपटाचं चित्र काढाचं हाय काय?"

"चित्र नाई, पोरी. तो कुसळी खाते का नाई खात, ते लिवाचं हाय. अजून कोनाले माहीत नाई."